तटस्थ भूमीवरचा चहा

पाक सुदिरोंच्या घरी भांडणं होत नाहीत. तिथं ‘स्पष्ट आणि मोकळी चर्चा’ होते. ती चालू असली की गल्लीपलीकडे माझ्या घरातल्या ताटल्या हादरतात.

आमच्याकडे मानानं पुरुषाला ‘पाक’ म्हणतात, बाईला ‘बू’. या पाकनी जन्मभर इथल्या, जकार्ताच्या परराष्ट्र खात्यात परिषदांना चहा दिला. निवृत्त होताना लोक घड्याळ घेऊन येतात, हे शब्द घेऊन आले. माझा कोंबडा त्यांच्या अंगणात शिरला की तो ‘अवांछित व्यक्ती’. मिरच्या संपल्याचं बायकोनं, बू लास्त्रीनं, पुन्हा सांगितलं की तो ‘निर्वाणीचा इशारा’. मला हसू यायचं आणि डोकंही फिरायचं.

मग त्यांच्या वेनिंगचं लग्न ठरायची वेळ आली. एकुलती एक पोर, मला मावशी म्हणणारी, आणि करीन तर याच मुलाशी म्हणून हटून बसलेली. मुलाची आई बू मार्तिनी सोलो या जुन्या राजनगरीतली, मानपानाला भारी कडक. पाकनी जाहीर केलं, “पहिली बोलणी तटस्थ भूमीवर होतील.”

“म्हणजे कुठं?” मी विचारलं.

“तुमच्या घरी. तुम्ही फक्त जागा द्यायची. तोंडातून अवाक्षर काढायचं नाही.”

माझ्याच घरात मी मुकी! पण पोरीसाठी कबूल झाले. चहा केला, केळी तळली आणि कोपऱ्यात जाऊन बसले.

आता आम्हा जावा बेटावरच्या लोकांची रीत अशी, की यजमान ‘मोंग्गो’, म्हणजे ‘घ्या ना’, म्हणेपर्यंत पाहुणा कशाला हात लावत नाही. लावला तर हावरट ठरतो. आणि यजमान म्हणालाच नाही, तर पाहुण्यानं समजायचं की आपण नकोसे झालो. पाकनी सगळा विचार केला होता. फक्त तटस्थ भूमीवर यजमान कोण, एवढाच राहून गेला होता.

हवापाण्याचं बोलून झालं. चहाची वाफ गेली, केळी मऊ पडली. बू मार्तिनी ग्लासाकडे बघतायत, पाक त्यांच्याकडे बघतायत. एका माशीनं तेवढं बिनबोलावता खाऊन घेतलं. वेनिंग रडवेली झाली. शेवटी बू मार्तिनींनी पर्स उचलली.

“निघतो आम्ही. आमचा मुलगा काही जड झालेला नाही आम्हाला.”

माझं टाळकंच सटकलं. “बसा खाली! तटस्थता गेली खड्ड्यात. घर माझं, चहा माझा, भांडीही मलाच घासायचीत. मोंग्गो! प्या सगळे!”

सगळ्यांनी एकदम ग्लास उचलले.

“हा सरळसरळ हस्तक्षेप आहे,” पाक पुटपुटले.

“गप बसा आणि केळं खा,” बू लास्त्री म्हणाली.

दुसरा चहा येईपर्यंत तारीखसुद्धा ठरली.

पाठवणीच्या वेळी मात्र पाकना शब्द सापडेनात. बू मार्तिनींचे हात धरून ते कसंबसं म्हणाले, “राजदूताला... सल्लामसलतीसाठी मधूनमधून मायदेशी बोलावता येतं. तशी तरतूद असते.” मला रडू फुटलं.

“बोलवा की,” बू मार्तिनी म्हणाल्या. “पण आली की चहा घे म्हणा हं तिला. नाहीतर पाहुणी म्हणून बसेल बिचारी ग्लासाकडे बघत.”

“पाहुणी?” पाक ओरडलेच. “माझ्या घरात माझी पोर कशाला पाहुणी होईल?”

इतक्या वर्षांत त्यांचं हे एकच वाक्य मला पहिल्या फटक्यात कळलं.