सत्तर मिलिमीटरचं काडतूस

क्रेगीबर्न या उपनगरातल्या आमच्या शेजारीणबाई पंचाहत्तरीच्या. वडिलांची अमेरिकन दुनळी बंदूक त्यांनी लायसनसकट, कुलूपबंद तिजोरीत जपली होती, पण कित्येक वर्षांत ती उडवली नव्हती.

"शनिवारी नेमबाजीच्या क्लबात उडवून बघते," त्या मला कुंपणावरून म्हणाल्या. "चालली तर ठेवते. नाहीतर सोमवारी पोलिसांकडे जमा. वितळवू देत त्यांना."

बंदुका दुरुस्त करणाऱ्या गनस्मिथने नळ्या मजबूत असल्याचं सांगितलं होतं. फक्त काडतुसाची लांबी बघून घ्या म्हणाला. माझ्याकडे बारीक मापं घेणारा व्हर्नियर आहे हे अख्ख्या गल्लीला ठाऊक, म्हणून मला बोलावणं आलं.

"आपला नळ दोन आठवडे गळतोय," बायको म्हणाली, "आणि तू चाललास बंदूक मोजायला!"

मी गेलोच. बाईंनी रिकामी बंदूक बिजागरीवर उघडून टेबलावर ठेवली आणि मी पुढचा तासभर तिथेच. बारा गेजची. म्हणजे एक पाउंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक जेवढी जाड, तेवढं नळीचं भोक. मोजण्याची अशी रीत मला आजवर माहीत नव्हती! त्याहून भारी तिचं कुलूप. नळ्या बंद केल्या की दोन नळ्यांमधल्या वरच्या पट्टीच्या मागच्या टोकात एक गोल खिळा फिरून बसतो. घासून झीज झाली, की तो थोडा जास्त फिरतो आणि पकड पुन्हा घट्ट. बंदूक उघडायचा वरचा खटका अजून मधल्या रेषेच्या उजवीकडे होता, म्हणजे झीज फारशी नाही. शेतकऱ्यांनाही परवडावी म्हणून कारखान्यात यंत्रावर बनवलेली वस्तू, आणि तिच्या झिजण्याचा विचार आधीच करून ठेवलेला. मी तीनदा "वा!" म्हणालो.

मग काम. नळीच्या मागे काडतूस बसतं तो रुंद भाग स्टीलच्या पट्टीने मोजला : साधारण सहासष्ट मिलिमीटर. बाईंनी आणलेलं नवं काडतूस व्हर्नियरने मोजलं : अठ्ठावन्न. खोक्यावर मात्र सत्तर छापलेलं. छापील आकड्यापेक्षा स्वतः मोजलेला आकडा खरा, हा माझा जन्माचा नियम. "आठ मिलिमीटर शिल्लक आहेत," मी सांगून टाकलं. "बिनधास्त उडवा."

शनिवारी मी बघायला गेलो. बाईंची पाळी यायची होती. पायाशी दुसऱ्या कुणाचं उडवलेलं काडतूस पडलं होतं, खोक्यावरचं नाव तेच. मी सवयीने व्हर्नियर लावला. जवळजवळ सत्तर!

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. नव्या काडतुसाचं तोंड घड्या घालून आत दुमडलेलं असतं. बार झाला की ते उघडून पुढे पसरतं. खोक्यावरची लांबी त्या उघडलेल्या काडतुसाची. सहासष्टच्या जागेत सत्तर उघडलं तर तोंड पुढच्या अरुंद भागात अडकणार, दाब वाढणार, नळीही फुटू शकते. तेवढ्यात बाई उभ्या राहिल्या, दोन काडतुसं आत घातली आणि नळ्या बंद केल्या.

"स्टॉप!" मी ओरडलो.

सगळी रांग वळली. बाईंनी बंदूक उघडली, काडतुसं काढली. "काय झालं, मेट? साप निघाला?"

"माझं मोजमाप चुकलं," मी म्हणालो आणि उडवलेलं काडतूस त्यांच्या हातावर ठेवलं. "मी दुमडलेलं मोजलं. मोजायचं होतं उघडलेलं."

त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं. "म्हणजे सोमवारी पोलीस."

"नाही, नाही! पासष्टची मिळतात का बघू."

क्लबातल्या एका म्हाताऱ्याकडे जुन्या बंदुकांसाठीची कमी दाबाची पासष्टची होती. "आज कुणाच्या शब्दावर विश्वास नाही, माझ्यासुद्धा," मी म्हणालो, तसा तो हसला आणि त्यातलं एक आधी स्वतःच्या बंदुकीतून उडवलं. मी गरम काडतूस मोजलं. पासष्टच्या आत! दोनदा मोजलं.

बाई पुन्हा उभ्या राहिल्या. "पुल!" हाकेसरशी नेमासाठीची पहिली मातीची थाळी हवेत सुटली आणि शाबूत निसटली. दुसरी सुटली, डाव्या नळीचा बार झाला, आणि थाळीचा काळा भुगा.

"वडीलसुद्धा पहिली चुकवायचे!" बाई एवढ्या जोरात ओरडल्या, की कानावरचे मफ्स सरकले. मग पासष्टच्या खोक्यातली उरलेली काडतुसं मोजून म्हाताऱ्याला म्हणाल्या, "बावीस आहेत. एकही परत मिळणार नाही."