सहा फूट लांब

प्रोस्टेटच्या कॅन्सरवर डॉक्टरांनी माझ्या आत तांदळाच्या दाण्यांहून बारीक असे किरणोत्सारी कण बसवले आणि दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. कण कायमचे आतच राहणार होते, त्यांचा जोर हळूहळू ओसरणार होता. निघताना बायकोला मी मुद्दाम औषधं आणायला पिटाळलं आणि सूचना एकट्यानं ऐकल्या. दोन महिने लहान मुलं मांडीवर घ्यायची नाहीत, गरोदर बाईपासून लांब राहायचं. बायकोजवळ बसायला-झोपायला हरकत नाही. लघवीला जळजळ होईल, घाई होईल. आणि नवरा-बायकोच्या संबंधांत अडचण येईल, काही महिने किंवा कदाचित कायमची.

घरी आल्यावर मी बायकोला सांगितलं, "सहा महिने माझ्यापासून सहा फूट लांब राहायचं." सरळ खोटं बोललो.

तिनं उलट प्रश्न केला नाही. कारखान्यात मी तीस वर्षं वेल्डिंगच्या जोडांचे एक्स-रे काढले होते. भोवती दोरी बांधायची, लाल दिवा लावायचा आणि "हटो, हटो" म्हणून ओरडायचं, हाच माझा धंदा. किरणांच्या बाबतीत आमच्या घरात माझा शब्द शेवटचा. तिनं माझी गादी पुढच्या खोलीत घातली.

जळजळीबद्दल मी तिला सगळं सांगायचो, तेही ओरडून. दर अर्ध्या तासाला पळावं लागे. धार सुरू होई, थांबे, आणि मी भिंतीला हात टेकून स्वतःच्या देहाला शिव्या घालत उभा. सोनागिरीतल्या घरून शहरात जवाहर चौकात जायचं तर वाटेत कुठे सोय आहे ते आधी आठवायचं. याची लाज वाटली नाही. दुसरी गोष्ट मात्र तोंडातून निघेना. वय सासष्ट, लग्नाला अडतीस वर्षं झालेली. तिनं त्याबद्दल कधी तक्रार केली असती असंही नाही. पण ती जवळ आली आणि माझ्याकडून काहीच झालं नाही तर, या भीतीनं माझी अक्कल गहाण पडली होती.

दुसऱ्या महिन्यात एका दुपारी उज्जैनहून फोन आला. मीच घेतला. तिचा धाकटा भाऊ गेला होता. ती कणीक मळत होती. मी दारातूनच सांगितलं. ती तशीच, पिठाच्या हातांनी, माझ्याकडे आली.

मी दोन पावलं मागे सरकलो. "अगं, लांब!" म्हणालो.

ती थांबली. होती तिथेच फरशीवर बसली आणि रडू लागली. मी लांबून "रडू नकोस, रडू नकोस" म्हणत राहिलो. शेवटी आवाज ऐकून शेजारीण धावत आली, "भाभीजी, क्या हो गया?" म्हणत तिनं हिला पोटाशी धरलं. उज्जैनलाही तीच सोबत गेली. मला गाडीत तेवढा वेळ बसवलं नसतं, हे खरं आहे. पण पोटाशी धरायला उज्जैनला जावं लागत नव्हतं.

सहा महिने झाले. जळजळ कमी झाली, रिपोर्ट चांगला आला. एका संध्याकाळी चहा घेताना मी तिला सगळं खरं सांगून टाकलं. ती कप हातात धरून ऐकत होती.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "पहिल्या तपासणीला तुम्ही बाथरूममध्ये गेला होतात ना, तेव्हा मी डॉक्टरांना विचारून घेतलं. म्हणाले, खुशाल जवळ बसा."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्हालाच मी जवळ नको असेन. भाऊ गेला त्या दिवशी खात्री झाली."

"तसं नव्हतं गं."

"असेल," ती म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

गादी आता पुन्हा आमच्या खोलीत आहे. मी सोफ्यावर तिच्याशेजारी बसायला गेलो की ती लगेच सरकून जागा करून देते, पाहुण्याला देतात तशी.