ठाकुर्लीत दोन दिवस आणि दहा मीटर पाइप

मागच्या महिन्यात ब्लॉगवर काहीच आलं नाही, तेव्हा दोघा-तिघांनी विचारलं की सध्या कुठला किल्ला चाललाय. किल्ला नव्हता. मी ठाकुर्लीला गेलो होतो, एका आठ वर्षांच्या मुलीला भेटायला. कुठलाही कडा चढताना वाटली नव्हती तेवढी धाकधूक या वेळी होती.

आधी माणसं सांगतो. प्रज्ञा मानपाड्याजवळच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. तिचा नवरा मिलिंद, मुलगी दोन वर्षांची असताना आजारपणात गेला. आमची ओळख माझ्या बहिणीमुळे झाली. वर्षभर फोनवर बोललो, प्रज्ञा दोनदा आळेफाट्याला येऊन घर बघून गेली, आणि आम्ही लग्न करायचं ठरवलं. माझं आळेफाट्याला शेतीच्या पंपांचं दुकान आहे, दुकानामागे घर, अंगणात आंबा. मे महिन्यात शाळा संपली की मायलेकी इकडे येणार आणि प्रज्ञाची आई कळव्याला मुलाकडे जाणार, असं आम्ही दोघांनी ठरवून टाकलं होतं. एक खोली मी रंगवूनही घेतली होती. फक्त ती खोली जिच्यासाठी होती त्या मितूला मी अजून पाहिलं नव्हतं.

रिकाम्या हाताने कसं जायचं? पुण्यातून बाहुलीचं घर आणलं. तीन मजली, लाकडी, खोल्याखोल्यांत दिवे लागणारं, दारावरची बेल दाबली की गाणं वाजणारं. किंमत सांगत नाही. तेवढ्यात मला दोन जोड चांगले ट्रेकिंगचे बूट आले असते.

शनिवारी सकाळी आळेफाट्याहून कल्याणची एसटी धरली. हिवाळ्यात माळशेज घाट बघायचा असेल तर सकाळचीच गाडी धरा. धबधबे नसतात, पण हवा इतकी स्वच्छ असते की खालची गावं एकेक करून मोजता येतात. पुढे टोकावडे, मग मुरबाड. मुरबाडच्या स्टँडवर चहा आणि गरम वडापाव मिळतो, गाडी तेवढा वेळ थांबते. खोकं मांडीवर मावेना आणि वर फळीवर बसेना, म्हणून ते शेजारच्या सीटवर ठेवलं होतं. मुरबाडला गर्दी झाली तशी एक बाई येऊन उभ्या राहिल्या. खोकं पायाशी घेतलं आणि कल्याणपर्यंत पाय वर करून बसलो. कुणासाठी आहे, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मुलीसाठी. असं बोलायची ही पहिलीच वेळ होती, आणि बोलल्यावर खिडकीबाहेर बघत बसलो.

कल्याण स्टँडवरून ठाकुर्लीला रिक्षाने गेलो. स्टेशनजवळच्या गल्लीतली जुनी इमारत, पहिला मजला. प्रज्ञाच्या आईंनी दार उघडलं, जय भीम झालं, पाणी आलं. हॉलमध्ये मिलिंदचा फोटो होता. हसरा, चष्मा लावलेला तरुण मुलगा. मी आता त्याच्याहून बराच मोठा आहे. फोटोखाली मितू उभी होती, दोन वेण्या आणि पुढचा एक दात पडलेला. मी खोकं पुढे केलं. तिने प्रज्ञाकडे पाहिलं, थँक्यू म्हटलं, आणि दोन्ही हातांनी ते उचलून कपाटाशेजारी भिंतीला टेकवून ठेवलं. उघडलं नाही. प्रज्ञा म्हणाली, बघ तरी आत काय आहे. झाकणावर चित्र आहे, मला दिसलं, असं मितू म्हणाली आणि आत निघून गेली.

जेवणात आईंनी सुक्या बोंबलाची चटणी, भाकरी आणि वालाचं बिरडं केलं होतं. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या, थोड्या भुकेपोटी आणि थोड्या काय बोलावं ते सुचत नव्हतं म्हणून.

संध्याकाळी आम्ही तिघं कल्याणला खाडीवर गेलो. दुर्गाडीच्या बाजूला ऊन उतरल्यावर बरं वाटतं. पाण्यावर वारा असतो, भेळवाले असतात, मुलांना पळायला जागा असते. मितू सगळा वेळ प्रज्ञाच्या पलीकडच्या बाजूने चालत होती. मी बाजू बदलली की तीही बदलायची. तिने हे इतक्या शांतपणे केलं की प्रज्ञाच्या लक्षातही आलं नाही. मी शाळेबद्दल विचारलं, मैत्रिणींबद्दल विचारलं. उत्तरं आली, पण एका शब्दाची. भेळेतल्या पुऱ्या मात्र तिने माझ्या कागदातूनही घेतल्या, तेवढ्यावर मी त्या रात्री समाधान मानलं. मी कल्याणलाच एका साध्या लॉजवर उतरलो होतो. स्टेशनजवळ अशी लॉज बरीच आहेत, खोली आधी बघून मगच घ्या.

रविवारी सकाळी धीम्या गाडीने ठाण्याला निघालो. सुट्टीच्या दिवशी लवकर निघालात तर बसायला जागा मिळते. मुंब्र्याजवळ एका बाजूला डोंगर आणि एका बाजूला खाडी येते, मग कळवा, पुन्हा पाणी, आणि ठाणं. स्टेशनबाहेर मिसळ खाल्ली. तिखट झेपत नसेल तर रस्सा वेगळा मागा, कोणी नाराज होत नाही. तिथून चालत तलावपाळी. बोटीत मितू आईला चिकटून पाण्यात हात घालून बसली होती. मी वल्हवणाऱ्या माणसाशी पावसाळ्यात तलाव किती भरतो यावर बोललो. खरं म्हणजे मला त्यात काडीचा रस नव्हता.

बाजार तिथून जवळच, जांभळी नाक्याला. आईंच्या गॅलरीत कुंड्या आहेत आणि त्या स्वयंपाकघरातून मग्याने पाणी आणून घालतात, हे मी आदल्या दिवशी पाहिलं होतं. त्यांना एक पाइप घ्यावा म्हणून आम्ही हार्डवेअरच्या दुकानात शिरलो. अशा दुकानात शिरलो की मला हायसं वाटतं. हिरवा साधा पाइप, दहा मीटर. दुकानदार तो कापून गुंडाळत असताना एक टोक जमिनीवर घरंगळत मितूच्या पायाशी गेलं. तिने ते उचललं आणि शंख लावतात तसं कानाला लावलं.

दुसरं टोक माझ्या हातात होतं. मी ते तोंडाशी नेलं आणि हळूच म्हणालो, "हॅलो, ठाकुर्ली का?"

ती दचकली. मग पाइपकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा हसली. दुकानदारानेही गुंडाळणं थांबवलं. मी दोन प्लास्टिकची नरसाळी मागून घेतली, पाइपच्या दोन्ही टोकांना बसतील अशी. त्या नरसाळ्यांचे पैसे एका भेळेपेक्षा जास्त नव्हते. ठाकुर्लीपर्यंत गुंडाळलेला पाइप मितूने स्वतःच्या खांद्यावर वागवला, गाडीत कुणाला हात लावू दिला नाही.

घरी आल्यावर कुंड्या राहिल्या बाजूला. पाइप गॅलरीतून हॉलमधून स्वयंपाकघरापर्यंत बरोबर पोचला. मितू गॅलरीत बसली, मी स्वयंपाकघरात ओट्याशी. एकच पाइप, म्हणून एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने ऐकायचं. बोलून झालं की "झालं" म्हणायचं, हा नियम तिनेच केला. आधी थोडा वेळ नुसतीच गंमत चालली. गॅलरीतून कोण कोण जातंय ते ती मला सांगत होती. भाजीवाला, खालच्या मजल्यावरचं मांजर, इस्त्रीवाल्या काकांचा मुलगा. काल एकेका शब्दात उत्तरं देणारी मुलगी आता थांबत नव्हती.

प्रज्ञा माझ्या शेजारी चहा ठेवत होती. तिला फक्त माझं बोलणं ऐकू येत होतं. आई गॅलरीत होत्या, त्यांना फक्त मितूचं.

मग जरा वेळ पाइपमधून काहीच आलं नाही. मला वाटलं, कंटाळली. मी नरसाळं खाली ठेवणार तेवढ्यात तिचा आवाज आला, अगदी बारीक.

"ते घर मी उघडलं नाही, कारण मला माहितीये ते कशासाठी आणलंय. आपल्याला तिकडे राहायला जायचंय म्हणून. झालं."

माझ्या मनात असं काहीच नव्हतं. पण तिच्या जागी बसून पाहिलं तर दुसरा काय अर्थ निघणार? अनोळखी माणूस येतो आणि हातात एक घर देतो. मी म्हणालो, "नाही गं, खेळण्यासाठी आणलं होतं. तुला यायचं नाहीये का? झालं."

तिने सांगितलं की शाळा इथे आहे, आजी इथे आहे, आणि शाळेतल्या बाईंनी पुढच्या वर्षी तिला गॅदरिंगमध्ये घेणार म्हणून सांगितलंय. कोणी तिला विचारलंच नव्हतं. आणि ते खरं होतं. आम्ही दोघांनी तिचं सगळं ठरवलं होतं, रंगसुद्धा.

"तुला विचारल्याशिवाय आता काही ठरवणार नाही," मी म्हणालो. "आईशी बोलतो. झालं."

प्रज्ञाने गॅस बंद केला. ती ओट्याला टेकून उभी राहिली.

मग मितूने विचारलं, "बाबांचा फोटो काढणार का?"

या वेळी ती "झालं" म्हणायची विसरली. मी थोडा वेळ त्याची वाट पाहिली. मग म्हणालो, "तो तिथेच राहणार. आपण कुठेही राहिलो तरी भिंतीवर पहिला तोच लागणार."

हे ऐकून प्रज्ञाने डोळ्यांना पदर लावला. गॅलरीतून काही वेळाने उत्तर आलं: बरं. झालं.

त्यानंतर आम्ही कुंड्यांना पाणी घातलं. नरसाळी काढून पाइप नळाला लावला. मोगऱ्याबरोबर खालच्या इस्त्रीवाल्याचे कपडे भिजले आणि मितू आत पळाली, क्षमा मागायचं काम माझ्याकडे आलं. संध्याकाळी तिने खोकं उघडलं. दिवे लावून पाहिले, बेल चार वेळा वाजवली, आणि मग ते घर आजीच्या गोळ्या ठेवायला देऊन टाकलं. सकाळच्या गोळ्या तळमजल्यावर, रात्रीच्या वरच्या मजल्यावर. आईंना ती सोय फार आवडली.

रात्री प्रज्ञा मला स्टेशनपर्यंत सोडायला आली. ती म्हणाली, अरे, एवढे दिवस मी तिला दहा वेळा विचारलं, काय झालंय सांग, ती म्हणायची काही नाही. मी म्हणालो, समोर बघून विचारलं ना, म्हणून. मलाही समोर बसून ती उत्तरं देता आली नसती.

सोमवारी सकाळच्या एसटीने परत. येताना शेजारच्या सीटवर कोणी नव्हतं आणि पाय मोकळे होते. घाटात गाडी थांबली तेव्हा उतरून दोन पावलं चालायचंही सुचलं नाही, मी दुकानाचा विचार करत होतो. घरी आल्यावर धाकट्या भावाला, सुनीलला, सगळं सांगितलं. त्यांना इकडे आणण्यापेक्षा मीच तिकडे जातो म्हणालो; आळेफाट्याचं दुकान तो सांभाळू शकतो, निम्मं तोच सांभाळतो. पंप दुरुस्त करायला ठाकुर्ली-डोंबिवलीत काय कमी माणसं लागतात? सुनीलने विचारलं, रंगवलेल्या खोलीचं काय करायचं. मी म्हणालो, सुट्टीत येतील की सगळे.

तुमच्यापैकी कुणी अशाच कामासाठी निघालं असेल तर एवढंच सांगतो: मोठं खोकं नेऊ नका, तुम्ही बोलायच्या आधी तेच काहीतरी बोलून टाकतं. मुलांच्या हाताला लागेल असं काहीतरी साधं न्या आणि मग गप्प बसा. काय न्यायचं ते मात्र मला सांगता येणार नाही. तो पाइप मी तिच्यासाठी घेतलाच नव्हता.

काल रात्री प्रज्ञाचा फोन आला. शाळेतून येताना मितूला शेजारच्या गल्लीत एका दारावर पाटी दिसली, "खोली भाड्याने देणे आहे". तळमजला आहे, बाहेर पंप ठेवायला जागा आहे, असंही तिने बघून घेतलं. कागद नव्हता म्हणून पाटीवरचा फोन नंबर पेनाने दंडावर लिहून आणला, आणि मी तो फोनवर उतरवून घेईपर्यंत आंघोळ करायला तयार नव्हती.