तापलेलं चाक

आमच्या मोठ्या गाडीच्या मागच्या दारांचं लॉक मुलं लहान असताना लावलेलं. आतून कडी ओढली तरी दार उघडत नाही, बाहेरून कुणीतरी उघडावं लागतं. मुलं मोठी झाली, मुलगी घाटावर दिली, लॉक तसंच राहिलं. माझी जागा मागे. कुठेही पोहोचलो की मी मांडीवर पिशवी घेऊन बसून राहते. हे उतरतात, फोनवर बोलतात, आठवण झाली की दार उघडतात.

उन्हाळ्यात मुलीला भेटून आम्ही कन्नडचा घाट उतरलो, तेव्हा जळका वास येत होता. खाली हे चहाला थांबले, मलाही उतरवलं. मी पुढच्या चाकाजवळ गेले तर धग लागली. माझे वडील उन्हाळ्यात बैलगाडीच्या चाकांवर पाणी मारायला लावायचे, लाकूड सुकून चाकावरची लोखंडी धाव निसटू नये म्हणून. लहानपणी ते काम माझंच. मी पाण्याची बाटली काढली आणि फटींतून आत ओतली, अर्धी या चाकावर, अर्धी त्या. चर्र झालं, वाफ आली. मला बरं वाटलं. यांची पाठ होती. मी सांगितलं नाही, सांगण्यासारखं काही वाटलंही नाही.

त्यानंतर ब्रेक दाबला की गाडी थरथरायची. माझ्या तळपायातून वर दातांपर्यंत यायचं. यांनी टायर पुढचे मागे करून पाहिले, अलाइनमेंट केली. थरथर गेली नाही.

मुलीला आठवा लागला. पहिलं बाळंतपण, म्हणून तिला माहेरी आणायचं ठरलं. आदल्या दिवशी चाळीसगावात बाजार केला आणि गाडी गॅरेजला घेतली. मी मागेच होते. काच चार बोटं उघडी होती.

मिस्त्री म्हणाला, "भाऊ, डिस्क वाकलेली वाटते."

"म्हणजे?"

"चाकाच्या आत लोखंडाची थाळी असते. पॅड तिला दोन्हीकडून चिमटीत धरतात, तेव्हा गाडी थांबते. थाळी वाकडी झाली की झटके बसतात. घाट उतरल्यावर गरम चाकावर पाणी टाकलं होतं का? तापल्या तव्यावर टाकलं की तवा वाकतो ना, तसं होतं."

"छे! आपण गाडीला असलं काही करतच नाही."

"मग पॅड घासले असतील. ते तासाभरात टाकतो. डिस्क बदलायची तर धुळ्याहून मागवावी लागेल, संध्याकाळ होईल."

"पॅडच टाक. सकाळी मुलीला आणायचंय."

मुलीला मी तापल्या तव्यावर कधी पाणी टाकू दिलं नव्हतं. आणि आता त्याच चाकांवर ती घाट उतरणार होती, आठ महिन्यांचं पोट घेऊन. ब्रेक लागला नाही तर? सांगायचं तर चार परक्या माणसांसमोर ओरडावं लागणार. माहीत असूनही मी कडी ओढली, दोनदा. मग काचेवर बांगड्या आपटल्या.

यांनी वैतागून दार उघडलं. "काय शे? तहान लागनी का?"

"पाणी मी टाकलं होतं."

"कुठे?"

"चाकांवर. घाटाखाली. दोन्ही."

हे म्हणाले, "इतला दिन तोंड शिवेल व्हतं का तुनं? ती गाडी शे, बैलगाडी नही!"

सगळे हसले. मिस्त्रीही हसला, पण म्हणाला, "अक्का बोलल्या ते बरं झालं. नवे पॅडही वाया गेले असते." त्याने चाकं खोलून माप घेतलं. दोन्ही डिस्क वाकड्या होत्या, वर निळसर डाग पडलेले. संध्याकाळी नव्या डिस्क आणि नवे पॅड बसले. तो यांना म्हणाला, "थोडे दिवस ब्रेक हळू दाबा, नव्याला बसू द्या. घाट खालच्या गिअरमध्ये उतरा. सारखा ब्रेकवर पाय ठेवल्यानेच चाकं तापतात."

हे माझ्याकडे वळले. "ऐकलं ना?"

जणू गाडी मी चालवते.

दुसऱ्या दिवशी व्याह्यांच्या घरी यांनी मी गाडीला पाणी पाजल्याची गोष्ट रंगवून सांगितली. मीही हसले. घाट मात्र यांनी खालच्या गिअरमध्ये उतरवला. वळणावर ब्रेक लागला की मी सीटवर तळहात टेकून बघायची. थरथर नव्हती. मुलीला डुलकी लागली.

घरापुढे गाडी थांबली. हे उतरले, तेवढ्यात फोन आला. मुलीने कडी ओढली.

"आई, हे अजून उघडत नाही?"

"बाहेरून उघडतात."

"तू बाबांना कधी सांगितलं नाहीस?"

मी काचेवर बांगड्या वाजवल्या. यांनी वळून न बघता हात वर केला, थांब म्हणून. फोनवर चाकाचीच गोष्ट चालली होती.