पाइपचा बोल्ट

ही गोष्ट मी बायकोलासुद्धा सांगितलेली नाही. सांगायला बसलो की विषय भलतीकडेच जातो — खराडीतलं ऑफिस, मुलाची शाळा — आणि मी सुटतो.

आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला. मेकॅनिकल इंजिनियर. त्याचा अभिमान होता, अजूनही आहे. नासलं ते तिथूनच.

बाबांच्या छोट्या ट्रकचं सगळं काम स्वारगेटमागच्या दत्तू मिस्त्रींकडे. मिस्त्री आमच्या समाजातले नाहीत. पण वीस वर्षं, बाबा दिसले की हातातला पाना ठेवून आधी तेच म्हणायचे, "जयभीम, दादा!" मी शिकल्यावर मला, "जयभीम, इंजिनियर!" त्या एका शब्दासाठी बाबा वाट वाकडी करून तिथे जात असतील का? आता वाटतं, हो.

तर त्या आठवड्यात मिस्त्रींनी पुढचे ब्रेक पॅड नवे टाकले आणि म्हणाले, पुढचे शॉकपही गेलेत. मी म्हणालो, ते मी घरीच बदलतो.

"बदला की, इंजिनियर. फक्त ब्रेकचा पाइप शॉकपला बोल्टने धरलेला असतो. तो बोल्ट पुस्तकात नसतो, खिशात राहतो."

गॅरेजमधले सगळे हसले. मीही हसलो — पण लागलं.

रविवारी शॉकप बदलले. गाडी खड्ड्यांत आदळेनाशी झाली. सोमवारी दुपारी बाबा म्हणाले, "वळवताना खर्र आवाज येतोय रे. ब्रेककडून."

चाक खोलून बघायला किती वेळ लागला असता? अर्धा तास? मी चहाचा कपसुद्धा खाली ठेवला नाही. म्हणालो, "मिस्त्रींनी डुप्लिकेट पॅड टाकले असणार."

बाबा तडक गॅरेजवर गेले. चार गिऱ्हाइकांसमोर मिस्त्रींना बोलले. मिस्त्री म्हणाले, "दादा, चाक खोलून बघू ना." बाबा म्हणाले, "गरज नाही. माझा मुलगा इंजिनियर आहे." हे बाबांनीच घरी येऊन सांगितलं — छाती फुगवून.

ते ऐकून मी खाली गेलो आणि चाक खोललं. पाइप सुटा लोंबत होता, चाकाला घासून एका बाजूने सोललेला. आणखी थोडं घासलं असतं तर ब्रेक गेले असते — आणि गाडीत बाबाच असतात. बोल्ट? तो रविवारच्या पँटच्या खिशात सापडला.

तेव्हाच सांगायला हवं होतं, नाही का? दोनच मजले होते. मी नवा पाइप आणून टाकला, बोल्ट आवळला आणि वर येऊन म्हणालो, "पॅड बदलले. आता बघा."

पॅड मिस्त्रींचेच होते. पुढे तीन वर्षं चालले. एकदाही कुरकुरले नाहीत.

बाबा पुन्हा तिकडे गेले नाहीत. आजही पाहुण्यांना सांगतात, पोराने नुसता आवाज ऐकून मिस्त्रीची लबाडी पकडली. मी मान खाली घालतो. लोकांना तो विनय वाटतो.

गेल्या महिन्यात मिस्त्री स्वारगेटच्या सिग्नलला समोर आले. थकलेत. हातात पिशवी होती. मी त्यांच्या "जयभीम"साठी थांबलो — खरंच थांबलो, निर्लज्जासारखा.

"नमस्कार, साहेब," म्हणाले.

मीही नमस्कार केला. बोल्टचं तेव्हाही बोललो नाही.