दाजींच्या सरळ ओळी

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, वीस वर्षं लोकांच्या शेतात ट्रॅक्टर चालवतात. त्यांची ओळ सुतळी धरल्यासारखी सरळ. हे आम्हाला त्यांच्याच तोंडून कळलं, लग्नाच्या पंगतीत, आणि तेव्हापासून दर भेटीत कळतंय.

परवा ते माझ्या बियाणं तपासणीच्या खोलीत आले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं चिखलानं माखलेलं रोप थेट माझ्या जेवणाच्या डब्याशेजारी ठेवलं. शेजारच्या निवृत्त शिक्षिकाबाईंच्या मक्यात हे माजलं होतं. बाई कंटाळून जमीन विकायला निघाल्या होत्या. दाजींच्या मते ही उनाड ज्वारी, न पेरता आपली आपण उगवलेली.

पानाची मधली शीर पांढरी, दिसायला हुबेहूब ज्वारी. मी मुळं धुतली. खाली बोटाएवढे जाड, पेरापेरांचे पांढरे कोंब आडवे पसरलेले. हे जॉन्सन गवत. ज्वारी हंगामात संपते, हे जमिनीखाली वर्षानुवर्षं जगतं. मक्याचं खतपाणी पळवतं, आणि उन्हानं कोमेजलेलं गुरांच्या पोटात गेलं तर त्यांना विषबाधा होते.

"मग अजून एकदा रोटाव्हेटर मारतो," दाजी म्हणाले. "गेल्या साली बाईंच्या शेताच्या कोपऱ्यात एवढंसंच होतं. दोनदा फिरवून पार भुगा केला होता मी."

मी सुरीनं एका कोंबाचे तुकडे केले आणि प्रत्येक पेरावरचा डोळा त्यांना दाखवला. जितके तुकडे, तितकी रोपं. दाजी गप्प झाले. त्यांना गप्प करणं माझ्या बहिणीलाही कधी जमलेलं नाही, तरी मला फार वाईट वाटलं. हे कुणाला सांगितलं तर त्यांना कामाला कोण बोलावणार? आणि नाही सांगितलं तर बाईंची जमीन जाणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला सोबतीला घेऊन बाईंकडे गेले.

"बाई, ते गवत मी वाढवलं."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "इतक्या सरळ ओळीत दुसऱ्या कुणाच्या हातून उगवणार? पण खणून काढणं माझ्या एकटीच्यानं होईना."

दाजींनी बाह्या सरसावल्या आणि कोपऱ्यातली कुदळ उचलली. बाई दुसरी शोधायला आत गेल्या. दिवसभर दोघं माती चाळून एकेक पेर वेचत होते. संध्याकाळपर्यंत कशीबशी एक ओळ साफ झाली. ती चांगलीच वाकडी होती, आणि दाजी त्याबद्दल अवाक्षर बोलले नाहीत.