लेकीच्या दारची पन्हळ

ओमानमधल्या रुस्ताकच्या डोंगरपायथ्याला नवी वसाहत उठली, तेव्हा तिच्या रस्त्यांचे उतार बघायला हुवैशिल होता. लेव्हलची दुर्बीण लावून मापं घ्यायची, हा त्याचा पगारी धंदा. पण रस्त्याचा काँक्रीट स्लॅब कडक झाला की तो वर डबाभर पाणी ओतायचा आणि उकिडवा बसून ते कुठे जातं ते बघायचा. बाप गावच्या पाटाचा राखणदार होता, ही खोड तिथलीच. "काय म्हणतंय पाणी?" असं कुणी हसून विचारलं की हा मान वर न करता सांगायचा, "म्हणतंय, ह्या रिकामटेकड्याला काम द्या."

जीभ तिखट होती, पण काम चोख. ताज्या काँक्रीटवर ओली पोती सात दिवस राहिलीच पाहिजेत. सहाव्या दिवशी कुणी उचलली तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. काँक्रीटला वरच्या पाण्याचं भय नसतं, पोटाखाली शिरलेल्या पाण्याचं असतं, हे त्याचं ठरलेलं वाक्य. म्हणून रस्त्याच्या कडेने त्याने उघडी पन्हळ ठेवायला लावली होती. डोंगराचं पाणी तिच्यातून खालच्या कोरड्या नदीत जायचं.

त्याच वसाहतीत त्याच्या लेकीला, रय्याला, घर मिळालं, ओळीतलं सगळ्यात वरचं, आणि माशी शिंकली ती तिथेच. ईदला सोहारहून सासरची तीस माणसं येणार. पाहुण्यांनी पन्हळीवरून उड्या मारत घरात यायचं? छे! तिने पन्हळ बुजवून फाटकापर्यंत गुळगुळीत काँक्रीटचा रॅम्प करून घेतला. मग काय, महिन्याभरात ओळीतल्या सहा घरांपुढे रॅम्प! हुवैशिल समजवायला गेला तर जो तो एकच सांगे, "आधी घरचं बघा."

गप्प बसावं तर पहिल्याच पुरात रस्ता खालून पोखरला जाणार. तोडावं तर लेक दुरावणार. आठ दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही.

ईदच्या दोन दिवस आधी तो लोखंडी जाळी आणि घण घेऊन रय्याच्या दारात उभा राहिला.

"बाबा, पाहुणे तोंडावर आलेत आणि आज हे?"

"जाळी बसवतो गं. गाडी वरून जाईल, पाणी खालून."

"खडखडते ती! गोदामाला लावतात तसली. सासूबाई म्हणतील, बापानेच लेकीचं दार फोडलं."

"म्हणू देत. दार तुझं आहे, पाणी सगळ्यांचं आहे."

"मग फोडा. मी बघायला थांबत नाही."

ती आत गेली. त्याने कुणाचा हात लागू न देता स्वतः रॅम्प फोडला. प्रत्येक घावाला त्याला वाईट वाटत होतं. जाळी बसवून तो तडक निघाला, आणि घण तिथेच राहिला.

ईदला रय्याने बापाला कहवा दिला, हलवा दिला, शब्द मात्र दिला नाही. सोहारची प्रत्येक गाडी जाळीवर खडखडली. सासू म्हणाली, "बरंय हो, पाहुणे आल्याची वर्दी आपोआप मिळते तुझ्याकडे."

पंधरा दिवसांनी वर डोंगरात कुठेतरी पाऊस पडला. वसाहतीत थेंब नाही, पण पन्हळ गढूळ पाण्याने वाहू लागली. हुवैशिल धावत आला आणि कोपऱ्यावरच थबकला.

रय्या जाळीपाशी उकिडवी बसली होती. पाणी तिच्या दारातून सळसळत गेलं आणि शेजारच्या रॅम्पला अडलं. तिथून ते रस्त्यावर पसरलं आणि स्लॅबच्या कडेखालची माती खाऊ लागलं.

ती उठली. "अहो सैफच्या आई, माझं पाणी तुमच्या दारात अडलंय!"

"मग बोलाव तुझ्या बापाला!"

"बाबा कशाला हवेत?" रय्या बाह्या सावरत म्हणाली. "घण घरातच आहे."

घण विसरलो, म्हणून हुवैशिलला तेव्हापासून चुटपुट लागली होती आणि मागायला जायची हिंमत होत नव्हती. त्याने तो पुढेही कधी मागितला नाही.